पुढचा, मागचा आणि पोटातले बिऱ्हाडकरू

फार जुन्या काळी, म्हणजे ज्या काळाबद्दल काहीही सांगितले तरी कोणी पुरावा मागत नाही त्या काळी, एका राज्यात एक मोठे तळे होते. तळ्याच्या काठी राजा राहत असे. पण राजाचा या गोष्टीशी काही संबंध नाही. राजांचा बहुतेक गोष्टींशी नसतो. ते नुसते सुरुवातीला येऊन जातात.

आपली गोष्ट घडते तळ्याच्या तळाशी. तिथे काळा, मऊ, लोण्यासारखा चिखल होता. ऊन तिथवर पोचत नसे, आणि हवा तर औषधालाही नव्हती. वरच्या पाण्यात हवा विरघळलेली असे, मासे तिच्यावर जगत. पण ती खाली येता येता वाटेतच संपून जाई. तळातल्या लोकांना याचे दुःख नव्हते. एखाद्या गोष्टीची उणीव भासायला ती शेजाऱ्याकडे असावी लागते, आणि इथे शेजाऱ्याकडेही नव्हती. उलट हवेचा एखादा झोत चुकून खाली आलाच, तर त्यांच्या अंगाची आग होई आणि ते चिखलात तोंड खुपसून तो जाण्याची वाट पाहत.

या चिखलात एक प्राणी राहत होता. प्राणी म्हणजे एकाच पेशीचा. हात नाहीत, पाय नाहीत, जे काही ते एवढ्याशा एका थेंबात. मोहरीच्या दाण्यावर त्याच्या साऱ्या भाऊबंदांची पंगत बसली असती आणि तरीही वाढप्यांना फिरायला जागा उरली असती. अंगावर बारीक केस होते. ते वल्ह्यांसारखे हलवून तो पोहत असे. पुढच्या टोकाला तोंड होते आणि पोटात चूल होती.

चूल म्हणजे जाळाची नव्हे; हवेवाचून जाळ कसला! खाल्लेले अन्न आंबवायचे आणि त्यातला कस काढून घ्यायचा, अशी ती चूल. अन्न आंबताना त्यातून एक हलका वायू सुटे. शिकलेले लोक त्याला हायड्रोजन म्हणतात. तळातले लोक त्याला साधेपणाने धूर म्हणत. या धुराची एक खोड होती. तो साचला की चूल विझे.

पण तो कधी साचत नसे, कारण प्राण्याच्या पोटात बिऱ्हाडकरू होते.

हे बिऱ्हाडकरू म्हणजे जिवाणू. प्राण्याहूनही कितीतरी लहान. ते चुलीला टेकून राहत आणि धूर निघाला रे निघाला की खाऊन टाकत. चिखलातून गंधकाचा क्षार पाझरून आत येई. तो तोंडी लावायला घेत आणि मिटक्या मारत. प्राण्याला जो धूर नकोसा, तो यांचा भात. खाऊन झाल्यावर मात्र त्यांच्याकडून सडक्या अंड्यांचा वास सुटे. जगातली कुठलीच सोय अगदी निर्दोष नसते.

बिऱ्हाडकरूंत एक आत्याबाई होत्या. त्या नेमक्या कोणाच्या आत्या हे कोणालाच सांगता आले नसते. पण त्या सगळ्यांना बोलत आणि कोणी उलट उत्तर देत नसे, त्या अर्थी आत्याच असणार.

"काय रे, आज खाल्लंस तरी काय?" त्या आतून विचारत. "धूर अगदी पाणचट आलाय."

"चिखल खाल्ला, आत्याबाई."

"कालच्याच ठिकाणचा?"

"हो."

"तरीच. जरा चार केस हलवून पलीकडे जात जा. तुला आळस सोसतो, पण जेवायला आम्हीही आहोत इथे."

प्राणी कुरकुरत पलीकडे जाई. असे हे बरे चालले होते.

एके दिवशी पोहता पोहता प्राणी जरा जास्तच वर गेला. तळ्याच्या मधल्या पाण्यात एक रेघ होती, डोळ्यांना न दिसणारी. रेघेच्या वर हवा, खाली नाही. रेघेच्या वरच्या बाजूला एक गृहस्थ खाणे शोधत फिरत होते. तेही एकाच पेशीचे. पण अंग काचेसारखे पारदर्शक, आकार वहाणेच्या तळव्यासारखा रेखीव, आणि चालताना स्वतःभोवती गिरक्या घेण्याची ढब. त्यांना वरचे लोक रावसाहेब म्हणत. निदान ते तसे सांगत.

रावसाहेबांनी प्राण्याकडे पाहिले आणि अंग आक्रसून घेतले.

"हा वास तुमचाच का हो?"

"माझा नाही," प्राणी ओशाळून म्हणाला. "आमच्या बिऱ्हाडकरूंचा."

"पोटात बिऱ्हाडकरू? अरेरे!" रावसाहेबांनी एक गिरकी घेतली. "आमच्याकडे नाही बुवा असलं काही चालत. आम्ही हवा घेतो आणि आमच्या हिमतीवर जगतो. आत-बाहेर सगळं आमचं स्वतःचं. येतो आम्ही. वास अंगाला लागतो."

प्राणी खाली आला. पण ते 'अरेरे' त्याच्या मनातून गेले नाही.

आता तळातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळायचे नाही. या लोकांत लग्नकार्य नाही, पाळणा नाही, बारसे नाही. खाऊन खाऊन अंग भरले, की प्राणी मधोमध कमरेशी आवळला जातो, कंबर सुताएवढी होते, मग सूत तुटते आणि एकाचे दोन होतात. बाप कोण आणि मुलगा कोण, हा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे एकमेकांवर उपकार केल्याचे सांगायची सोयही उरत नाही. यातला पुढचा अर्धा भाग तो 'पुढचा' आणि मागचा तो 'मागचा'. फरक इतकाच, की जुने तोंड असते पुढच्याकडे. मागच्याला नवे तोंड फुटायला थोडा वेळ लागतो. म्हणून वाडवडिलांनी एक नियम घालून दिला होता: दोघांनाही तोंड आल्याशिवाय वाटणीचा विषय काढायचा नाही.

या प्राण्याची कंबर आवळू लागली, तेव्हा पुढच्याने तो विषय लगेच काढला.

रावसाहेबांचे बोलणे खरे म्हणजे दोघांनीही ऐकले होते, कारण तेव्हा दोघे एकच होते. पण मनाला लागले ते पुढच्याच्या. ऐकताना तो पुढे होता.

"मंडळी," पुढचा खाकरून म्हणाला, "वाटणीत मला काही नको. चिखलातली चांगली जागा मागच्याने घ्यावी. माझी एकच मागणी आहे. सगळे बिऱ्हाडकरूही त्यानेच घ्यावेत. यावर मागच्याचं काही म्हणणं आहे का?"

मागचा नुसता थरथरला. त्याचे म्हणणे पुष्कळ होते, पण ते ज्यातून काढायचे ते अजून फुटायचे होते.

"काही म्हणणं नाही. म्हणजे एकमताने मंजूर."

शेजारीपाजारी गोळा झाले होते. त्यांनी माना हलवल्या. त्यांना जे बोलायचे होते ते ते नेहमीप्रमाणे नंतर बोलणार होते.

"चला, उठा," पुढच्याने आत आवाज दिला. "कंबर तुटायच्या आत सगळ्यांनी पलीकडे व्हा."

बिऱ्हाडकरूंत गडबड उडाली. एकेक जण त्या अरुंद कमरेतून अंग चोरत पलीकडे जाऊ लागला. सगळ्यांत शेवटी आत्याबाई निघाल्या. कमरेशी येऊन त्या थांबल्या.

"बाबा, आम्ही जातो. पण धुराचं काय करशील?"

"धूर आपला आपण जाईल, आत्याबाई."

"कुठून?"

पुढच्याने यावर विचार केला नव्हता. ज्यांचे काम दुसरे कोणी करत असते, त्यांना ते काम आपोआप होते असेच वाटते.

"जाईल कुठून तरी," तो म्हणाला. "तुम्हाला फार चौकशा."

आत्याबाई पलीकडे गेल्या. सूत तुटले. थोड्या वेळाने मागच्याला तोंड फुटले आणि त्यातून पहिला शब्द बाहेर पडला, "थांब!" पण पुढचा तोवर दिसेनासा झाला होता.

पहिले काही दिवस पुढच्याचे फार सुखाचे गेले. अंग हलके झाले होते, आत कोणाची कटकट नव्हती. मुख्य म्हणजे वास नव्हता. तो गिरक्या घ्यायलाही शिकला. ओळखीच्या लोकांना अडवून तो विचारी, "वास येतोय का?" ते नाही म्हणाले, की तो म्हणे, "येणारच नाही. आता सगळं माझं स्वतःचं आहे."

मग चूल मंदावू लागली.

पुढच्याला वाटले, अन्नच कमी पडत असेल. त्याने जास्त खाल्ले. जास्त अन्नाचा धूरही जास्त निघाला, आणि चूल आणखी मंदावली. तेव्हा त्याने आणखी खाल्ले. शहाण्या माणसालाही सुचेल असाच हा उपाय होता, त्यामुळे तो चुकतो आहे हे लवकर लक्षात आले नाही. अखेर पोट टम्म फुगले आणि भूक मात्र होती तशीच राहिली. खाल्लेला घास आत तसाच बसून होता, कच्चा, जणू उठायचे नाव न घेणारा पाहुणा. केस हलेनासे झाले.

शेजारी आता बोलू लागले.

"चिखल बाधला असेल," एक म्हणाला.

"नजर लागली," दुसरा म्हणाला. "फार गिरक्या घेत होता."

"आम्हाला तेव्हाच वाटलं होतं," तिसरा म्हणाला. हा तिसरा प्रत्येक चिखलात असतो.

पुढच्याला आता मरण समोर दिसू लागले. त्याने ठरवले, ज्यांनी ही वाट दाखवली त्यांनाच पुढचा रस्ता विचारायचा. उरलेसुरले बळ गोळा करून तो वर निघाला आणि कसाबसा त्या रेघेपाशी पोचला. हवेचा पहिला झोत लागताच त्याच्या तोंडाजवळचे केस चुरचुरून जळाले. तो ओरडला.

"कोण?" रावसाहेब वरून म्हणाले. "अच्छा, तुम्ही! वा, वास नाही. प्रगती आहे."

"रावसाहेब, मी बिऱ्हाडकरू काढून टाकले. आता चूल पेटत नाही. तुम्ही एकट्याने कसं भागवता, तेवढं सांगा."

"त्यात सांगायचं काय? स्वाभिमान लागतो."

पुढचा त्यांच्याकडे पाहत राहिला. रावसाहेबांचे अंग काचेसारखे होते, हे मागे सांगितलेच आहे. जवळून आतले सगळे दिसत होते. आत शेंगदाण्यांसारखे पुष्कळ इवले इवले जीव लगबगीने काम करत होते.

"हे कोण?" पुढच्याने विचारले.

"हे होय! हे माझे अवयव."

"अवयव?" आतून एक शेंगदाणा बोलला. "काय म्हणालात, अवयव?"

"तू गप्प बैस."

"का म्हणून? आज पाहुणे आलेत, तर खरं काय ते ऐकू देत." शेंगदाणा काचेशी येऊन पुढच्याला म्हणाला, "अहो, यांच्या खापरपणजोबांच्याही खापरपणजोबांच्या पोटात आमचे पूर्वज राहायला आले. जिवाणूच होतो आम्हीही. तेव्हापासून इथेच. हवा पचवायचं काम आमचं. हे नुसते गिरक्या घेतात. आम्ही इतके दिवस राहिलो, की यांना आम्ही पाहुणे आहोत हेच आठवेना. एक दिवस म्हणाले, हे आमचे अवयव. आम्ही म्हटलं, म्हणू द्या, घर तर चाललंय."

"गप्प बैस म्हणतो ना!" रावसाहेब कडाडले.

"बसतो. कामही थांबवू का?"

रावसाहेबांची गिरकी अर्ध्यातच थांबली. त्यांच्या पारदर्शक अंगालाही रंग बदलता येतो, हे तेव्हा दिसले.

"नको, नको. बोल तू. तुझं बोलणं मला फार आवडतं."

शेंगदाणा पुढच्याकडे वळला. "आणि तुमचे कुठे आहेत हो?"

पुढचा उलटा फिरला. फिरला म्हणजे काय, केस जळले होते, अंगात त्राण नव्हते. त्याने अंग सोडून दिले आणि एखादा खडा बुडावा तसा तो तळाकडे जाऊ लागला. पडला तो मागच्याच्या दारातच. नशीब नेहमीच दुष्ट नसते, कधीकधी त्यालाही कंटाळा येतो.

मागच्याकडेही सगळे ठीक होते असे समजू नका. त्याच्या पोटात दोघांचे बिऱ्हाडकरू कोंबलेले होते आणि चूल एकच. तो बिचारा दिवसभर खात होता, तरी धूर पुरत नव्हता. बिऱ्हाडकरू रांग लावून बसत. रांगेच्या शेवटच्यांच्या वाट्याला नुसता वासच येई. बरेच जण खंगले होते. उघड्या चिखलात निघून जावे आणि नशिबात असेल तो धूर शोधावा, असे त्यांचे घाटत होते. तिथे त्यांना कोण खाईल याचा नेम नव्हता.

"आत्याबाई," मागचा म्हणाला, "दारात पुढचा येऊन पडलाय. बोलत नाही. फुगलाय."

"फुगणारच. धूर आपला आपण गेला नसेल."

"मरतोय तो."

आत्याबाई म्हणाल्या, "त्याच्या आत जायला हवं. पण कमरेची वाट केव्हाच तुटली. आता एकच वाट आहे, तोंडाची."

सगळे बिऱ्हाडकरू दचकले. तोंडाने आत गेलेल्या जिवाणूंचे पुढे काय होते, हे या चिखलात लहान पोरालाही ठाऊक होते. हे प्राणी चिखलाबरोबर खात ते बहुतेक जिवाणूच. तोंडातून थेट चुलीत, आणि चुलीतून कोणी परत आलेले नव्हते.

"तो आम्हाला पचवील!" एक जण म्हणाला.

"अरे वेड्या, त्याला पचत असतं तर तो असा पडला असता का?" आत्याबाई म्हणाल्या. "चूल गार आहे तोवरच जाता येईल. शिरायचं, चुलीतून चटकन बाहेर व्हायचं, तिला पाठ लावून बसायचं आणि मगच धुराला तोंड लावायचं. तो बरा असता, तर मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं. त्याच्या दुखण्यानेच आपली सोय केली आहे."

"आणि चूल मध्येच पेटली तर?"

"म्हणून पहिली मी जाते. मला काही झालं, तर तुम्ही येऊ नका."

मागचा पुढे झाला. पुढच्याचे तोंड अर्धवट उघडे होते. जुने, अनुभवी तोंड ते. पण त्यातून आता शब्द फुटत नव्हता. मागच्याने घसा साफ केला.

"मंडळी, अर्धे बिऱ्हाडकरू पुढच्याने घ्यावेत. यावर पुढच्याचं काही म्हणणं आहे का?"

पुढचा नुसता थरथरला.

"काही म्हणणं नाही. म्हणजे एकमताने मंजूर."

आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिले नाही. त्या सरळ मागच्याच्या अंगातून बाहेर पडल्या आणि पुढच्याच्या तोंडात शिरल्या. सगळे वाट पाहत राहिले. आत शांत होते. शेजारी एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. त्यांना कोपर नव्हते, तरीही.

मग आतून आवाज आला.

"काय खाल्लंय या मेल्याने! या रे, या सगळे. धूर कोंदून राहिलाय. आठवडाभर पुरेल."

खंगलेले बिऱ्हाडकरू धावले. आत गेल्या गेल्या चुलीबाहेर पडून ते ओळीने बसले आणि धुरावर तुटून पडले. धूर ओसरू लागला. चुलीत कच्चा बसलेला घास हलला, सैल झाला, आंबू लागला. चूल धरली. फुगलेले पोट बसत गेले. पुढच्याचा एक केस हलला, मग दुसरा, मग न जळलेले सगळे.

आणि मग सडक्या अंड्यांचा वास सुटला. चांगला दणकून सुटला.

पुढच्याने तोंड उघडले. सगळ्यांनी श्वास रोखला असता, पण तिथे कोणी श्वास घेतच नव्हते.

"वास येतोय," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"मग?" आत्याबाईंनी आतून विचारले. त्यांच्या आवाजाला धार होती.

"काही नाही. यावा."

"पुन्हा कोणी अरेरे म्हटलं तर?"

"त्यांचं अंग काचेचं आहे, आत्याबाई. मी नुसतं बोट दाखवीन. म्हणजे केस दाखवीन."

पुढचा पुरा बरा झाला. फक्त तोंडाजवळचे जळलेले केस पुन्हा आले नाहीत. त्यामुळे त्याला सरळ पोहता येईना. तो कायम डावीकडे वळत वळत जाई आणि फिरून फिरून मागच्याच्या दारात येई. दोघांनाही ते सोयीचे वाटू लागले. त्या चिखलात एक नवा नियमही झाला: कंबर आवळू लागली, की आधी बिऱ्हाडकरू निम्मेनिम्मे करायचे, मग बाकीचे बोलायचे, आणि तेही दोघांना तोंड आल्यावर. रावसाहेबांनी गिरक्या घेणे सोडले नाही. फक्त "आमच्या हिमतीवर" म्हणताना ते हल्ली जरा हळू बोलतात आणि आत कोणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतात.

तात्पर्य: आपले कोणावाचून अडत नाही असे ज्याला वाटू लागले, त्याने आपला धूर कोण गिळतो आहे ते आधी पाहून घ्यावे.